गुप्ते सरांचे साडेसहा

मुलुंड पूर्वेच्या नवचेतन क्रीडा मंडळात गुप्ते सरांकडून दहापैकी सहा गुण मिळवणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. सर म्हणजे विद्याधर गुप्ते, मंडळाचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक. वय एकसष्ट, बँकेतून निवृत्त, बाराही महिने एकच निळी ट्रॅकपँट आणि गळ्यात शिट्टी. गेली सव्वीस वर्षं ते दर तीन महिन्यांनी प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण देत आलेत आणि सव्वीस वर्षांत सहा मिळालेले मोजून तिघं. त्यातला एक गृहस्थ आता चाळिशी ओलांडून पोट सुटलेला आहे, पण अजून लग्नाकार्यात भेटला की बायकोच्या आधी आपले सहा गुण सांगतो. बाकी सगळी जनता चार ते पाचमध्ये. आणि गुणांपुढे सरांचा शेरा कायम एकच: सराव चालू ठेवावा.

बरं, हा कंजूषपणा मैदानापुरता असता तर पद्मजाबाईंची काही तक्रार नव्हती. पण पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांच्या आमटीला 'जमलीय'च्या वर कधी काही मिळालं नाही. "अहो, माझं नशीब, लग्नात तुम्हाला कोणी मत विचारलं नाही," असं त्या चारचौघांत सांगायच्या, आणि सर स्वतःही हसायचे. त्यावर त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. "दहा दिले की पोरगं संपलं. उद्या कशाला तडफडेल ते?" सरांना त्यांच्या तरुणपणी बँकेच्या संघाच्या प्रशिक्षकांनी एकदा सहा दिले होते. त्या सहावर त्यांनी आख्खं आयुष्य काढलं होतं.

तर अशा या माणसाच्या हाती जूनमध्ये श्रुतिका परब आली.

ती घाटकोपरच्या एका क्लबकडून आणली होती. मंडळाचा सेक्रेटरी निलेश, औषधांचं दुकान असलेला पण दुकानात कमी आणि मैदानावर जास्त सापडणारा, त्यानं तिकडच्या सेक्रेटरीबरोबर तीन वेळा चहा प्यायला, मंडळाचा जुना स्कोअरबोर्ड आणि सहा बरे चेंडू देऊ केले, तेव्हा कुठे बदलीच्या फॉर्मवर सह्या झाल्या. श्रुतिका एकोणीस वर्षांची, भटवाडीत राहणारी. वडील दत्ताराम परब लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. ती पॉइंट गार्ड खेळायची, म्हणजे संघाचा सगळा खेळ जिच्या हातून चालतो ती जागा.

पहिल्याच आठवड्यात सरांची शिट्टी वाजायची राहिली. सराव सामना चालू होता, कोणाचा तरी पाय रेषेबाहेर पडला, पोरी थांबल्या, सरांकडे बघायला लागल्या, आणि सर आपले पायरीवर बसून श्रुतिकाकडे बघतायत. झालं असं होतं, की गंधाली नावाची एक डावखुरी मुलगी संघात होती. आजवर तिला सगळ्यांनी चेंडू उजव्या हातात दिला आणि तिनं तो निमूट डाव्यात घेतला. श्रुतिकानं तिसऱ्याच दिवशी तो थेट तिच्या डाव्या हातात टाकला. कोणी सांगितलं नव्हतं. गंधालीलासुद्धा काही कळलं नाही, फक्त त्या दिवशी तिच्या बास्केट जास्त झाल्या.

"कशी वाटते, सर?" निलेशनं विचारलं.

"बघू."

आता हे 'बघू' म्हणणारे सर आठवड्यातून तीन दिवस यायचे, ते सहाही दिवस यायला लागले. सकाळी साडेसहाच्या सरावाला सहालाच हजर. घरी पद्मजाबाईंना रोज संध्याकाळी श्रुतिकापुराण. आज तिनं असं केलं, आज तसं केलं. पद्मजाबाईंना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या पोरीच्या उजव्या घोट्याची हालहवाल त्या झोपेत सांगू शकल्या असत्या.

आणि खुद्द श्रुतिकाला सर काय सांगायचे? "पाय उशिरा उचलतेस." "मान वर." "पुन्हा." बस. चार महिने. सप्टेंबरच्या गुणांतही पाच आणि तोच ठरलेला शेरा.

ऑक्टोबरात दोन गोष्टी एकदमच आल्या. एक तर तिला एका बँकेकडून क्रीडा कोट्यातल्या नोकरीचं पत्र आलं. कायमची नोकरी, क्लार्कची जागा, येत्या सोमवारपर्यंत होकाराची सही हवी. दत्ताराम परबांनी ते पत्र देवापुढे ठेवलं. दुसरं म्हणजे, गोरेगावला नुकताच एक व्यावसायिक महिला संघ निघाला होता, त्यांना मुंबईच्या दोन मुली हव्या होत्या. श्रुतिकाच्या खेळाचे व्हिडिओ त्यांनी पाहिले होते. दोन वर्षांचा करार, देशभर सामने, नुसतं खेळायचं. पण चाचणीला बोलावण्याआधी प्रशिक्षकाचं मत हवं.

"गोरेगावचं कळू दे पप्पा, नाही झालं तर बँकेची सही करते," असं तिनं घरी सांगितलं होतं. बँकेत गेली की काय होतं ते सरांना कोणी सांगायला नको. वर्षातून दोन स्पर्धा आणि उरलेले दिवस काउंटर. सरांनी चौतीस वर्षं तेच केलं होतं. वाईट गेली असं नाही, पण बास्केटबॉल त्यात फार थोडा होता.

बुधवारी संध्याकाळी गोरेगावहून मोबाइलवर लिंक आली. सर चष्मा लावून सोफ्यावर बसले. 'खेळाडूची व्यावसायिक क्षमता, दहापैकी' असा प्रश्न आणि खाली बोटानं सरकवायची पट्टी. सरांनी ती सरकवत पाचवर आणली. दम घेतला. सहावर नेली. मग बोट जरा पुढे गेलं आणि पट्टी सातवर जाऊन बसली.

"अरे बापरे," म्हणून त्यांनी ती मागे ओढली. साडेसहा.

"अहो द्या की सात," पद्मजाबाई शेंगा सोलत म्हणाल्या. "तुमच्या खिशातून जातायत का?"

"साडेसहा! कळतंय का तुला, साडेसहा म्हणजे काय? मला स्वतःला सहा होते."

खाली अभिप्रायाचा मोठा रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं, 'सराव चालू ठेवावा,' आणि फॉर्म पाठवून दिला. त्या रात्री सरांना फार शांत झोप लागली. आपल्या हातून काहीतरी मोठं दान झालं, असं त्यांना वाटत होतं. सकाळी त्यांनी निलेशला हळूच सांगितलं, आणि निलेशला सांगितलं म्हणजे अर्ध्या मुलुंडला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी निलेश मोबाइल हातात धरून मैदानावर आला. "सर, वाट लागली."

"काय झालं?"

"गोरेगाववाल्यांची मेल आलीय. सातच्या खाली असलेल्यांचा विचार होणार नाही म्हणे. श्रुतिका कटाप."

"सातच्या खाली?" सरांना आधी अर्थच लागेना. "अरे, पण मी साडेसहा दिलेत!"

"तेच तर. सात म्हणजे त्यांच्याकडे नुसता पास, सर. लोक आठ-नऊ चुरमुऱ्यासारखे वाटतात." मग निलेशनं आवाज जरा खाली आणला. "तसं मंडळाच्या दृष्टीनं बरंच झालं म्हणा. बँकेत लागली तरी ती आपल्याकडूनच खेळेल. डिसेंबरात स्पर्धा आहे ना..."

सरांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो स्कोअरशीट शोधायला लागला.

आणि नेमक्या त्याच वेळी फाटकातून दत्ताराम परब आत आले, हातात पेढ्यांचा पुडा. अंगात इस्त्रीचा शर्ट, कामावर दांडी मारून आल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांच्या मागे श्रुतिका.

"सर, पयलो पेढो तुमका," ते म्हणाले. "सगळे म्हणतत, सव्वीस वर्सांत एवढे मार्क कोणाक गावूक नाय. खरां मां?"

"खरं आहे," सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"माका ह्या खेळातला काय एक कळणा नाय. पण गुप्ते सर असे सहजासहजी कोणाक चांगला म्हणनत नाय, ह्या मी ऐकलंय." आणि त्यांनी सरांच्या तोंडात आख्खा पेढा कोंबला. मग ते निलेशकडे वळले, मग गंधालीकडे, मग मैदानाबाहेर कुत्रा फिरवायला आलेल्या एका परक्या बाईंनाही त्यांनी पेढा दिला आणि साडेसहांची हकिकत सांगायला घेतली.

सर तोंडात पेढा धरून उभे. ना गिळवत, ना टाकवत. श्रुतिका बुटाची नाडी बांधायला खाली वाकली होती. नाडी बांधून झाली तरी ती उठेना.

"मेल तुलाही आली का?" कसाबसा पेढा गिळून त्यांनी हळू विचारलं.

"आली. काल रात्रीच." ती उठली. "पप्पांना नाही सांगितलं. चाळीत आधीच वाटून झाले होते पेढे. सोमवारी बँकेत सहीला जायचंय, सर, सकाळचा सराव चुकेल."

"हं."

"अर्ध्या गुणानं राहिलं." तिनं हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. "कुठे कमी पडले तेवढं सांगाल का? म्हणजे निदान कळेल."

अर्धा गुण पोरीचा कमी पडला नव्हता, सरांनीच तो मागे ओढला होता. त्यांनी निलेशच्या हातात शिट्टी दिली, घरीही न जाता रिक्षा केली, आणि भांडुपला उतरून लिंक रोडनं गोरेगावची बस धरली. निळ्या ट्रॅकपँटमध्येच.

संघाचं ऑफिस एका काचेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. खेळाडूंची निवड बघणारी प्रियंका नावाची मुलगी, अठ्ठावीस-तिशीची, समोर दोन स्क्रीन. सरांनी नाव सांगितलं आणि एका दमात म्हणाले, "तुमचा सात फार स्वस्त आहे हो."

ती हसली. "सर, बसा. पाणी घ्या आधी." मग तिनं एक स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मुंबईभरच्या प्रशिक्षकांनी दिलेले गुण. नऊ, नऊ, साडेनऊ, दहा. एकानं सख्ख्या पुतणीला दहा देऊन अभिप्रायात 'लिजंड' असं लिहिलं होतं.

"ह्या पोरीला मी ओळखतो!" सर उसळले. "हिला चालत चालत चेंडूचे टप्पे मारत जाता येत नाही! हिला मी साडेतीन देईन."

"आणि श्रुतिकाला साडेसहा. सर, यादीत तुमचा आकडा खालून पहिला आहे. आता मला सांगा, मी काय समजायचं?"

"साडेसहा हा मी दिलेला सर्वांत मोठा गुण आहे."

"हे तुम्ही कुठे लिहिलंय?"

सरांनी समोरचं पाणी पिऊन टाकलं. मग प्रियंकानं सांगितलं, की फॉर्म पुन्हा उघडता येईल, पण आकडा बदलायचा तर कारणं लागतील. किमान तीनशे शब्द. आणि आज पाचपर्यंत, कारण पाचला चाचणीची यादी बंद.

"तीनशे शब्द?" सरांना घाम फुटला. "सगळे चांगले?"

"वाईट असतील तर वाईट लिहा, सर. काहीतरी लिहा."

तिनं कागद आणि पेन दिलं, कोपऱ्यातली एक खुर्ची दिली. सर बसले. दुपारी जेवण आटपून तिनं डोकावून पाहिलं, तर कागदावर दोन ओळी: 'कु. श्रुतिका परब ही सरावास नियमित येते. वर्तणूक चांगली आहे.'

"सर, हा शाळा सोडल्याचा दाखला आहे."

"मला असलं लिहायची सवय नाही हो," सर काकुळतीला आले. "मी वाईट लिहितो, ते चांगलं लिहितो."

प्रियंका टेबलाला टेकून उभी राहिली. "बरं, घरी कोणाशी बोलता तिच्याबद्दल?"

"बायकोशी. रोज."

"मग त्यांनाच लिहा. समजा त्या समोर बसल्यात."

सरांनी नवीन कागद घेतला. पद्मजाबाई समोर शेंगा सोलत बसल्यात असं मनात आणलं, आणि मग मात्र त्यांचा हात थांबेना. गंधालीच्या डाव्या हातापासून सुरुवात झाली. ही चुकली की डोक्याला हात लावत नाही, सगळ्यांच्या आधी मागे पळते. हिचा चेंडू जिथे पडतो तिथे समोरची मुलगी अजून पोचलेली नसते, पण चेंडू येईपर्यंत पोचते, आणि तिला वाटतं की आपणच पोचलो. तीनशे शब्द कधीच मागे पडले. पाठपोट तीन कागद भरले, वेळ पावणेपाचची झाली, आणि सरांनी ते प्रियंकाच्या टेबलावर ठेवले.

ती वाचत गेली तशी हसायची थांबली. "हे तिला माहीत आहे?"

"छे छे. डोक्यात हवा जाईल."

प्रियंकानं श्रुतिकाचा स्वतःचा अर्ज स्क्रीनवर उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'सध्याच्या प्रशिक्षकांचं तुमच्याविषयी काय मत आहे?' या प्रश्नापुढे श्रुतिकानं लिहिलं होतं: 'सरांना मी अजून पसंत पडलेले नाही. प्रयत्न करतेय.'

सरांनी चष्मा काढून पुसला, तरी अक्षरं धूसरच दिसली. मग त्यांनी स्वतःच्या हातानं आकडा बदलला. नऊ. पद्मजाबाईंचा यावर आजही विश्वास बसलेला नाही, त्या म्हणतात बोट घसरलं असेल.

रविवारी चाचणी झाली. 'माझं दडपण नको तिला,' असं सांगून सर घरीच राहिले, आणि सकाळपासून त्यांनी चार वेळा बीपी मोजलं. दुपारी प्रियंकाचा फोन आला. श्रुतिकाला घेतलं होतं.

सोमवारी सकाळी श्रुतिका मैदानावर आली. बँकेत जायचं नव्हतं. मंडळ सोडायचं म्हणजे प्रशिक्षकाची सही लागते, तो फॉर्म तिच्याजवळ होता. सरांनी तोंडभर हसून तिच्याकडे पाहिलं, पण ती हसत नव्हती. फॉर्मबरोबर तिच्या हातात दुसरेही कागद होते. प्रियंकानं तिला झेरॉक्स दिली होती.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर माझंच आहे."

"मग मला का नाही सांगितलं?" तिचा आवाज चढला. गंधालीनं हातातला चेंडू धरून ठेवला. "चार महिने मी घरी जाऊन विचार करायचे, यांनी मला कशाला आणलं म्हणून. दोनदा घाटकोपरच्या क्लबात परत जायला निघाले होते, सर! आणि तुम्ही इथे लिहिताय..." तिनं कागद डोळ्यांसमोर धरला, "'ही मुलगी आल्यापासून मी मैदानावर अर्धा तास लवकर जातो. घरी बसवत नाही.' असं असतं का कुठे? हे मी तिऱ्हाईत बाईकडून वाचायचं?"

निलेश पुढे व्हायला लागला, सरांनी त्याला हातानंच थांबवलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"कागदावर नको मला. तोंडानं सांगा."

आता आली पंचाईत. सर उभे राहिले. घसा खाकरला. बँकेत चौतीस वर्षांत आणि मैदानावर सव्वीस वर्षांत त्यांनी हे वाक्य कधी कोणासमोर बोललं नव्हतं, त्यामुळे ते बाहेर यायला वेळ लागला.

"तू फार चांगली खेळतेस, श्रुतिका." एकदा तेवढं निघालं आणि मग पुढचं आपोआप यायला लागलं. "फार म्हणजे फारच. मला जे तिशीत कळलं, ते तू येतानाच घेऊन आलीस. पहिल्या आठवड्यात मला तुझा हेवा वाटला गं, खरं सांगतो. मग रोज आनंद वाटायला लागला. सव्वीस वर्षांत तुझ्यासारखी कोणी माझ्या हाताखाली आली नाही, आणि हे मी घरी सांगितलं, गोरेगावला सांगितलं, एक तुला सोडून सगळ्यांना सांगितलं. मूर्खपणा केला. आता तू चाललीस. उद्यापासून इथे सहा वाजता येऊन मी काय करणार आहे, मला माहीत नाही. पण तू जाच."

श्रुतिकानं टीशर्टच्या बाहीला नाक पुसलं. मग तिनं फॉर्म पुढे केला, सरांनी निलेशचं पेन घेऊन सही केली, आणि तिनं तो नीट घडी घालून बॅगेत ठेवला.

"बरं, आता दोष सांगा," ती म्हणाली. "जायच्या आधी. तुमच्यासारखे ते लोक थोडेच सांगणार आहेत."

सरांनी सवयीनं तोंड उघडलं. दोष होते, चांगले अकरा होते, त्यांना पाठ होते. ते तिच्याकडे बघत राहिले.

"आहेत ना, पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "पण आज मला सांगवत नाही गं."